हा दरवाजा या बाजूने उघडत नाही

प्रश्न वाचकांचे : गेमनिर्मिती

‘डार्क सोल्स’ आणि ‘एल्डन रिंग’ या गेमचे जपानी दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी यांची ओळख आम्ही गेल्या अंकात करून दिली आणि त्यांच्या कामाबद्दल प्रश्न मागवले. नाशिक शहर आणि आसपासच्या तालुक्यांतून पत्रे आली. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतली सहा इथे घेतली आहेत.

मी 28 वर्षांचा आहे, इंदिरानगरला राहतो. एका सॉफ्टवेअर कंपनीत ग्राहकांचे अहवाल सांभाळतो. मियाझाकी 29व्या वर्षी या क्षेत्रात आले, तर मलाही जमेल का? नोकरी सोडून द्यावी का?

जमू शकेल, पण नोकरी आत्ता सोडू नका. ज्यांचे उदाहरण तुम्ही डोळ्यांपुढे ठेवले आहे, त्यांची वाट बारकाईने पाहा. आधी नोकरी सोडली आणि मग शोधाशोध केली, असे तिथे झालेले नाही.

मियाझाकींचा जन्म 1974 सालचा, शिझुओकाचा. घरची परिस्थिती बेताची होती. विद्यापीठात जाईपर्यंत घरात व्हिडिओ गेमला परवानगी नव्हती. लहानपणी ग्रंथालयातून इंग्रजी कल्पनाकथा आणायच्या, अर्ध्या कळायच्या नाहीत, तेवढी जागा स्वतःच्या कल्पनेने भरायची. त्यांच्या गेममध्ये गोष्ट तुकड्यातुकड्यांत का मिळते, याचे मूळ त्यांनी स्वतःच या सवयीत सांगितले आहे. केइओ विद्यापीठात सामाजिक शास्त्रे शिकून ते ओरॅकल या सॉफ्टवेअर कंपनीत लागले. पुढे एका मित्राच्या सांगण्यावरून फुमितो उएदा यांचा ‘इको’ हा 2001 सालचा गेम खेळले आणि क्षेत्र बदलायचे ठरवले. अनुभव शून्य आणि वय 29, त्यामुळे दार उघडणाऱ्या कंपन्या मोजक्याच होत्या. फ्रॉमसॉफ्टवेअर या गेम कंपनीने 2004 साली घेतले, तेही आधीपेक्षा कमी पगारावर.

तिथे मिळालेले पद ‘प्लॅनर’चे. याच शब्दात तुमचे उत्तर आहे. जपानी गेम कंपनीत प्लॅनर म्हणजे नियम लिहिणारा माणूस. शत्रूची ताकद किती, तो कुठे उभा राहील, कोणता दरवाजा कशाने उघडेल, एका वाराला किती इजा होईल, याचे तक्ते आणि टिपणे तो तयार करतो. कोड दुसरे लिहितात, चित्रे तिसरे काढतात. ‘आर्मर्ड कोर : लास्ट रेव्हन’वर हे काम करून मियाझाकींनी 2006 साली ‘आर्मर्ड कोर 4’ आणि 2008 साली ‘फॉर आन्सर’ दिग्दर्शित केले. ही यंत्रमानवांची मालिका 1997 पासून चालत आलेली होती, त्यांनी सुरू केलेली नव्हती. म्हणजे दिग्दर्शन ते दुसऱ्यांनी घालून दिलेल्या नियमांच्या चौकटीत शिकले. पुढचा ‘डेमन्स सोल्स’ हाती आला तोही कंपनीत अडकून पडलेला प्रकल्प म्हणून. कोणालाच त्याच्याकडून फार अपेक्षा नव्हती, त्यामुळे आपल्याला हवा तसा तो वळवता आला, असे त्यांनी मुलाखतीत सांगितले आहे. फेब्रुवारी 2009 मध्ये जपानमध्ये तो आला तेव्हा विक्री थंड होती. नंतर खेळणाऱ्यांनी एकमेकांना सांगून सांगून तो वर नेला. 2011 साली ‘डार्क सोल्स’ आला आणि 2014 साली मियाझाकी कंपनीचे अध्यक्ष झाले.

अहवाल सांभाळणाऱ्या माणसाकडे तक्त्यांची शिस्त असते आणि प्लॅनरला नेमकी तीच लागते. आठवड्याला सहा तास काढा आणि नऊ महिन्यांत तीन गोष्टी तयार करा. पहिली, कागद आणि फाशांवर खेळता येईल असा एक छोटा खेळ, नियम एका पानात बसणारे. दुसरी, संगणकावर पाच मिनिटांत संपणारी एकच खोली आणि एकच शत्रू. तिसरी, त्या शत्रूच्या सगळ्या आकड्यांचा तक्ता, आणि प्रत्येक आकडा बदलल्यावर काय झाले याची शेजारच्या रकान्यात नोंद. हा तिसरा तक्ता बहुतेक उमेदवार पाठवत नाहीत. तुम्ही पाठवा. निवड करणाऱ्याला तुमची विचार करायची पद्धत दिसते ती तिथेच.

नाशिकहून सर्वांत सोयीचे म्हणजे पुणे. युबिसॉफ्टचा पुण्यातला स्टुडिओ, सुपरगेमिंग, ‘राजी’ हा 2020 सालचा गेम करणारे नॉडिंग हेड्स, हे सगळे तिथलेच. अर्ज गेम डिझायनर, लेव्हल डिझायनर किंवा चाचणी विभागासाठी करा. पगार सुरुवातीला घटेल असे धरून आठ महिन्यांचा घरखर्च बाजूला असू द्या.

गेमचा दिग्दर्शक नेमके करतो काय? निर्माता वेगळा असतो का? (सिडको)

वेगळा असतो. पैसा, मुदत आणि प्रकाशक कंपनीशी बोलणी निर्माता पाहतो. ‘डेमन्स सोल्स’ला सोनीकडून ताकेशी काजिई निर्माते होते आणि दिग्दर्शक मियाझाकी. खेळताना हाताला, डोळ्याला आणि मनाला काय वाटले पाहिजे, याचा शेवटचा शब्द दिग्दर्शकाचा.

श्रेय देताना वाचकांची एक चूक वारंवार होते. ‘डार्क सोल्स 2’चे दिग्दर्शक मियाझाकी नाहीत. तोमोहिरो शिबुया आणि युइ तानिमुरा हे त्याचे दिग्दर्शक, मियाझाकी देखरेखीला होते. 2023चा ‘आर्मर्ड कोर 6’ मासारु यामामुरा यांचा. ‘ब्लडबोर्न’ (2015), ‘सेकिरो’ (2019) आणि ‘एल्डन रिंग’ (2022) मात्र मियाझाकींचे, त्यातही ‘एल्डन रिंग’ला तानिमुरा सहदिग्दर्शक होते.

गंगापूर रोडवरच्या महाविद्यालयात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहोत. आम्ही तिघांनी गोडो या गेम बनवायच्या इंजिनमध्ये ‘डार्क सोल्स’सारखी एका बॉसची, म्हणजे मोठ्या शत्रूची, लढाई केली आहे. आमच्या लॅपटॉपवर रोल मारून वार चुकवता येतो. मित्राच्या गेमिंग लॅपटॉपवर तोच रोल मारला तरी वार लागतो. आणि सगळेच म्हणतात, बॉस अन्याय करतो. काय चुकते आहे?

दोन वेगळे दोष आहेत. आधी सोपा घेऊ.

रोल चालू असताना खेळाडूला इजा होत नाही, हा काळ तुम्ही बहुधा फ्रेम, म्हणजे पडद्यावर एकामागून एक येणारी चित्रे, मोजून ठेवला आहे. समजा 24 फ्रेम. 60 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 60 फ्रेम दाखवणाऱ्या, पडद्यावर 24 फ्रेम म्हणजे 0.4 सेकंद. मित्राचा पडदा 144 हर्ट्झचा असेल, तर त्याच 24 फ्रेम 0.17 सेकंदात संपतात, आणि पाऊण रोल उघड्यावर पडतो. काळ सेकंदांत ठेवा, प्रत्येक फेरीत गेलेला वेळ वजा करा आणि इजेचा सगळा हिशेब ‘फिजिक्स प्रोसेस’मध्ये हलवा. ते फंक्शन सेकंदाला ठरलेल्या 60 वेळा चालते, पडदा कुठलाही असो. हा दोष नवख्यांनाच होतो असे समजू नका. ‘डार्क सोल्स 2’ संगणकावर 60 फ्रेमने चालू लागला तेव्हा शस्त्रे दुपटीच्या वेगाने झिजत होती, कारण झीज फ्रेमच्या वेगाशी बांधलेली होती. ते 2015 साली दुरुस्त झाले.

आता अन्यायाची तक्रार. प्रत्येक वाराचे तीन भाग करा: तयारी, मार आणि सावरणे. डोळ्याला दिसल्यापासून बोट दाबेपर्यंत साधारण पाव सेकंद जातो. कंट्रोलर आणि पडदा मिळून आणखी 0.05 ते 0.1 सेकंद खातात. म्हणजे तयारी 0.4 सेकंदांपेक्षा कमी असलेला वार, तो पहिल्यांदाच पाहणाऱ्याला चुकवता येणारच नाही. सुरुवातीला तयारी 0.7, मार 0.15 आणि सावरणे 0.9 सेकंद ठेवा. खेळाडूचा रोल एकूण 0.65 सेकंदांचा, त्यातला 0.03 ते 0.4 हा भाग सुरक्षित.

तयारीची वेळ पुरेशी असूनही वार अन्यायाचा वाटतो, तेव्हा ती तयारी दिसतच नसते. बॉसची तलवार त्याच्या पाठीमागे जाते, कॅमेऱ्यासमोर फक्त पाठ उरते. हात शरीराच्या बाह्यरेषेबाहेर काढा. बॉसला एका रंगाने काळा रंगवा, पार्श्वभूमी पांढरी करा आणि तिऱ्हाइताला प्रत्येक वाराचे तयारीतले एकच स्थिर चित्र दाखवा. वार कुठून येणार हे त्याला बोटाने दाखवता आले नाही, तर ॲनिमेशन पुन्हा करा. आकडे हलवून हा दोष जात नाही.

तलवार अंगातून आरपार जाऊनही न लागणे हेही तुमच्याकडे होत असेल. दीड मीटरची तलवार 0.1 सेकंदात 120 अंश फिरली, तर 60च्या ठोक्याला फक्त सहा नोंदी होतात, दर नोंदीला 20 अंश. टोक दर वेळी 52 सेंटिमीटर उडी मारते आणि 40 सेंटिमीटर रुंदीचा माणूस दोन नोंदींच्या मधे सापडतो. मागची जागा आणि आताची जागा यांच्यामधला सगळा पट्टा तपासणारा ‘शेपकास्ट’ वापरा. पात्याची जाडी वाढवून प्रश्न सुटल्यासारखा वाटतो, पण मग बाजूने गेलेला वारही लागायला लागतो.

दमाचा (स्टॅमिना) हिशेबही बघा. एकूण दम 100, रोलला 22, वाराला 18, भरून येण्याचा वेग सेकंदाला 40 आणि काहीही केल्यावर अर्धा सेकंद थांबून मगच भरायला सुरुवात. सलग चार रोल मिळतात, पाचवा नाही. घाबरून बटण बडवणारा इथेच अडकतो आणि त्याला आपली चूक कळते. कळणे महत्त्वाचे. अंगावरच्या सामानाच्या वजनाचा नियम घालणार असाल तर ‘एल्डन रिंग’ची विभागणी नमुन्याला घ्या: क्षमतेच्या 30 टक्क्यांच्या आत हलका रोल, 70च्या आत मधला, त्यापुढे जड. पहिल्या ‘डार्क सोल्स’मध्ये याच सीमा 25 आणि 50 होत्या. नव्या लोकांना 70ची सीमा सोसते, कारण बरे चिलखत घालूनही रोल बिघडत नाही.

आधी दाबलेले बटण लक्षात ठेवायची मुदत 0.15 सेकंदांच्या वर नेऊ नका. ती लांबली की मार खाल्ल्यानंतर नको असलेला दुसरा रोल आपोआप निघतो. एका वेळी एकच आकडा बदला. उशीर कुठे होतो ते मोजायला फोनच्या 240 फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये बोट आणि पडदा एकत्र टिपा. प्रत्येक फ्रेम म्हणजे साधारण चार मिलिसेकंद.

मुलगा बारावीला आहे. गेमचा कोर्स म्हणून शहरातली एक खासगी संस्था मोठी फी सांगते आहे. तो म्हणतो, जपानी दिग्दर्शक असेच शिकले. खरे आहे का? (एक आई, नाशिकरोड)

असे एकाच साच्याचे शिक्षण त्यांच्यात दिसत नाही. मियाझाकी सामाजिक शास्त्रांचे. ‘इको’चे उएदा ओसाकाच्या कला विद्यापीठातले. शिगेरू मियामोतो कानाझावाला औद्योगिक डिझाइन शिकले आणि 1977 साली निन्तेन्दोत गेले. मासाहिरो साकुराई तर 1992चा पहिला ‘कर्बी’ दिग्दर्शित करून 21व्या वर्षीच पुढे आले, विद्यापीठाची पदवी न घेता. म्हणून ताई, मुलाने आवडेल आणि निभेल अशी नेहमीची पदवी घ्यावी हेच बरे. गेम तो शेजारी शिकू शकतो, गोडो आणि त्रिमितीय चित्रांसाठीचे ब्लेंडर फुकट आहेत.

संस्थेत जायचेच असेल तर फी भरण्याआधी मागच्या दोन तुकड्यांनी केलेले गेम मागा आणि मुलाला तिथेच बसून खेळायला सांगा. चित्रफिती दाखवल्या, तर समजा की तो ॲनिमेशनचा कोर्स आहे. तो वाईट नसतो, पण त्यात नियम रचायला शिकवत नाहीत. पदवीनंतर खरोखर गेम डिझाइनच करायचे असेल, तर एनआयडीच्या (राष्ट्रीय डिझाइन संस्था) बेंगळुरू केंद्रात डिजिटल गेम डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. खासगी संस्थेत आत्ता पैसे घालण्यापेक्षा ते त्यासाठी राखून ठेवा.

जपानी शिकून तिकडच्या कंपनीत जाता येईल का? (पंचवटी)

प्लॅनरचे काम भाषेचे असते, टिपणे आणि बैठका सगळ्या जपानीत. त्यामुळे जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन-2 पातळी तरी हातात हवी. प्रोग्रामर किंवा चित्रकार यांना काही ठिकाणी त्याहून कमीवर घेतात. परीक्षा भारतात जुलै आणि डिसेंबरमध्ये होते, नाशिककरांना पुणे आणि मुंबई ही केंद्रे जवळची. नेहमीच्या कामाच्या व्हिसासाठी पदवी किंवा त्या कामाचा 10 वर्षांचा अनुभव लागतो, म्हणून पदवी अर्धवट सोडून जपानीच्या मागे लागू नका.

त्र्यंबक परिसरातले किल्ले पायाखालचे आहेत. ‘डार्क सोल्स’च्या नकाशासारखी, फिरून फिरून एकाच जागी येणारी लेव्हल आपल्या किल्ल्यावर रचायची आहे. सुरुवात कुठून करू?

हे पत्र वाचून फार आनंद झाला. तुमच्याकडे असलेला माल जपानी दिग्दर्शकांकडे नव्हता.

‘डार्क सोल्स’मध्ये फायरलिंक श्राइनपासून चढत, लढत तुम्ही अनडेड पॅरिशच्या चर्चपर्यंत पोचता. तिथे एक लिफ्ट सापडते. खाली उतरता तर पुन्हा फायरलिंक. तासभर चाललेली वाट प्रत्यक्षात डोक्यावरच होती, हे त्या क्षणी कळते. गेमच्या पहिल्या भागात एका शेकोटीवरून (मुक्कामाची जागा, मेल्यावर पुन्हा इथून सुरुवात होते) दुसऱ्या शेकोटीवर थेट उडी मारता येत नाही, म्हणून या लिफ्टची किंमत आहे. उडी आधीच दिली असती तर लिफ्टकडे कोणी पाहिलेही नसते. वाटेतल्या कित्येक दरवाजांवर संदेश येतो की हा या बाजूने उघडत नाही.

हे तर दिंडी दरवाजाचेच तत्त्व झाले. महादरवाजाला छोटी दिंडी, आतून लाकडी अडसर, बाहेरच्याला ती उघडता येत नाही. गोमुखी बांधणीत दोन बुरुजांच्या मधून वाट अशी वळते की दरवाजा शेवटच्या वळणापर्यंत दिसतच नाही, रायगडाचा महादरवाजा तसा आहे. हरिहरला उभ्या कातळातल्या पायऱ्या, मग दरवाजा, मग कातळाखालून वाकून जायची वाट, आणि पुन्हा पायऱ्या. चढणाऱ्याचे हात गुंतलेले, नजर खाली आणि वर पहारा. लढाईची जागा कशी रचावी हे यांतून शिकता येते.

आलेखाच्या कागदावर 1 सेंटिमीटर म्हणजे 4 मीटर धरा. ए-फोर आकारात साधारण 70 बाय 100 मीटरचा माथा बसतो आणि पहिल्या लेव्हलला तेवढा पुष्कळ आहे. पायथा, मधला टप्पा आणि बालेकिल्ला तीन रंगांत एकमेकांवर काढा. वाट 400 मीटरची ठेवा, पण कागदावर ती गुंडाळलेली असू द्या, म्हणजे शेवटचे टोक सुरुवातीपासून भिंतीएवढ्या अंतरावर येते. त्या भिंतीत दिंडी. पहिल्यांदा लढत, चुकत जायला आठ-दहा मिनिटे लागावीत. दिंडी उघडल्यावर मुक्कामापासून बॉसपर्यंत 100 मीटर. सेकंदाला 5 मीटर वेगाने खेळाडू 20 सेकंदांत पोचतो. हे अंतर मिनिटावर गेले की माणूस बॉसला नाही, चालण्याला कंटाळतो.

पहिल्यांदा करणाऱ्यांकडून इथे हमखास एक चूक होते. दिंडी फक्त आतून दाखवतात. खेळणाऱ्याने ती सुरुवातीलाच बाहेरून पाहिलेली, ढकललेली आणि न उघडलेली असली पाहिजे. नाहीतर अडसर काढल्यावर आपण कुठे आलो हे त्याला ओळखू येत नाही आणि सगळी गुंडाळी वाया जाते. तिच्याजवळ लांबून दिसणारी एक खूण ठेवा, तुटका बुरूज किंवा एकटे झाड. टाक्यात पाणी ठिबकण्याचा आवाज दोन्ही बाजूंनी ऐकू येऊ द्या, अंधारात तोच वाट सांगतो.

कोडमध्ये दिंडीची स्थिती खेळाडू मेल्यावरही जपली गेली पाहिजे, ती लेव्हलच्या नव्हे तर सेव्ह फाइलच्या नोंदीत ठेवा. दार उघडले तरी शत्रू त्याच जागी येऊन अडखळत असतील, तर त्यांच्या वाटेचा नकाशा जुनाच आहे. दारात एक ‘नेव्हिगेशन लिंक’ (शत्रूंसाठी दोन बाजू जोडणारा दुवा) बंद करून ठेवा आणि अडसर निघाला की चालू करा.

संगणकाला हात लावण्याआधी तो कागद किल्ला न पाहिलेल्या माणसापुढे ठेवा. वरून कोरा कागद झाका, त्या कागदाला पाच सेंटिमीटरच्या भोकाची खिडकी करून द्या आणि नाणे सरकवत वाट शोधायला सांगा. दिंडीपाशी पोचल्यावर त्याने स्वतःहून कागद उचलून सुरुवातीची जागा तपासली, तर लेव्हल बांधायला घ्या.